पिपातल्या सोळा मात्रा

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती भुसावळला असते, बीएच्या शेवटच्या वर्षाला, मराठी घेऊन. एवढ्या उशिरा फोन म्हणजे काहीतरी झालं असणार म्हणून मी आधी ताईची तब्येत विचारली तर म्हणाली आई ठीक आहे रे, तू आधी सांग, तू तबला वाजवायचास ना? आमच्या घरात हा प्रश्न आला की मागोमाग कुणाच्या तरी गणपतीच्या आरतीचं आमंत्रण येतं त्यामुळे मी सावधपणे म्हटलं, वाजवायचो, लहानपणी, सात वर्षं, आता बोटं चालत नाहीत. म्हणाली बोटं नकोत, मात्रा मोजून दे.

कॉलेजात प्रोजेक्ट होता. एक आधुनिक कविता घ्यायची आणि तिचं वृत्त, यमक, पुनरावृत्ती यांचं विश्लेषण करायचं. तिने कवी बा. सी. मर्ढेकर घेतले होते कारण ते खानदेशातले, जन्म फैजपूरचा, आणि भुसावळहून फैजपूर काही लांब नाही. कविता अर्थात तीच, पिपांत मेले ओल्या उंदिर. पण तिचा प्रॉब्लेम असा की तिने आधीच एक पानभर लिहून टाकलं होतं की ही नवकविता आहे, नवकवितेने वृत्ताची बंधनं झुगारून दिली, त्यामुळे ही कविता मुक्तछंदात आहे. आणि मग वृत्ताच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना.

मला हसू आलं, कारण कॉलेजात मीसुद्धा परीक्षेत अगदी हेच लिहिलेलं, आणि मार्क मिळालेले. हा गैरसमज फार लोकांना असतो. आधुनिक म्हणजे मोडकं तोडकं, ओळी लहानमोठ्या, यमक नाही, असं एक चित्र डोक्यात बसलेलं असतं आणि मर्ढेकर तर त्या आधुनिकतेचे बापच, म्हणजे त्यांनी सगळंच मोडलं असणार. मुक्तछंदाचा झेंडा खरं तर कवी अनिलांनी उचलला होता, मर्ढेकरांच्या आधी. मर्ढेकर मात्र छंदात लिहीत राहिले, ओवी, अभंग, मात्रावृत्तं, सगळं जुनंच सामान.

मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाक, पहिली ओळ म्हण आणि टेबलावर बोट आपट. ती म्हणाली.

पिपांत मेले ओल्या उंदिर

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, ते लघु, दीर्घाची दोन, ते गुरू. पि एक, पां दोन, त एक, झाल्या चार. मेले चार. ओल्या चार. उंदिर, अनुस्वारामुळे उं दोन, दि एक, र एक, चार. चार चोक सोळा. शाळेत यमाताराजभानसलगा पाठ करून जे गण पाडायला शिकवतात ते इथे चालत नाही, ते अक्षरगणवृत्ताचं काम, तिथे लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो. इथे क्रम कसाही असो, बेरीज जमली पाहिजे आणि आठाआठाचे आवर्तन पडले पाहिजेत. याला पादाकुलक म्हणतात. नाव घाबरवणारं आहे पण चाल सगळ्यांच्या कानात बसलेली आहे, भज गोविन्दं भज गोविन्दं म्हणून बघा, तीच. म्हणजे मराठीतल्या सर्वात बदनाम आधुनिक कवितेतले उंदीर ज्या चालीवर मेले ती चाल आजी देवघरात टाळ्या वाजवत म्हणायची त्या स्तोत्राची आहे. हे भाचीला सांगितल्यावर ती दोन सेकंद गप्प झाली आणि मग म्हणाली, ई.

ही ई मला फार आवडली. प्रोजेक्टमध्ये लिहिता येत नाही पण विश्लेषण तिथून सुरू होतं असं मला वाटतं.

दुसऱ्या ओळीवर मी स्वतःच अडखळलो. माना पडल्या, मुरगळल्याविण. माना चार. पडल्या, आता ल्या हे जोडाक्षर, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं हा नियम, म्हणजे प एक, ड दोन, ल्या दोन, पाच झाल्या. पुढे मुरगळल्या मध्ये पण तेच. ओळ अठरावर गेली. मर्ढेकर चुकले की काय? मग मी गप्प बसून नुसतं म्हणून पाहिलं, पडल्या, पडल्या, आणि लक्षात आलं की ड वर आघात येतच नाही, ल्या कसा अलगद येतो. संस्कृतचा नियम मराठी तोंडाला जसाच्या तसा लागत नाही, जिथे आघात पडतो तिथेच आधीचं अक्षर जड होतं. म्हणून पडल्या चारच. उलट चौथ्या ओळीत आसक्तीविण मधला क्ती ठसक्यात आपटतो, तिथे स गुरू होतो, आ दोन, स दोन, ती दोन, विण दोन, आठ बरोबर. एकाच कडव्यात एक जोडाक्षर पिसासारखं आणि एक दगडासारखं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, कानाला विचारावं लागतं.

माझे तबल्याचे सर हेच म्हणायचे, फार कमी बोलायचे ते, पण चुकलं की म्हणायचे मोजू नको, ऐक. मला तेव्हा राग यायचा कारण मोजणं तरी जमत होतं, ऐकणं अजिबात नाही.

त्या रात्री आम्ही तास-दीड तास बसलो, ती तिकडे आणि मी इकडे डोंबिवलीत डायनिंग टेबलवर, बायको आतून दोनदा ओरडली की शेजारी झोपलेत, टेबल वाजवू नका. मी हातावर ताल धरायला लागलो. सोळा मात्रा म्हणजे तीनतालच की. एक ओळ, एक आवर्तन. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचव्यावर टाळी, नवव्यावर खाली म्हणजे हात उपडा करून हवेत, तेराव्यावर परत टाळी. आणि नवव्या मात्रेवर, खालीवर, प्रत्येक ओळीत काय येतंय ते बघा. ओल्या उंदिर. मुरगळल्याविण. ओठ मिळाले. आसक्तीविण. पुढे सक्ती आहे, सक्ती आहे. ओळीचा जो अर्धा भाग कविता अंगावर आणतो तो नेमका खालीत सुरू होतो, जिथे तबल्यावर बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा, गप्प होतो आणि नाद पोकळ होतो. मर्ढेकरांनी तीनताल डोक्यात ठेवून लिहिलं असं मला म्हणायचं नाहीये, तसं काही नसावं. पण ऐकू येतं ते येतं.

मग पुनरावृत्तीकडे वळलो. भाचीने यादी करून ठेवली होती, माना पडल्या दोनदा, पिपांत मेले दोनदा, ओठांवरती तीनदा, सक्ती आहे दोनदा, वगैरे, आणि पुढे एक वाक्य, पुनरावृत्तीमुळे कवितेला लय प्राप्त झाली आहे. हे वाक्य कुठल्याही कवितेबद्दल लिहिता येतं, आरतीबद्दल पण लिहिता येतं. मी तिला म्हटलं हे काढ. लय पुनरावृत्तीमुळे नाही आली, ती वृत्तात आधीच आहे. मग पुनरावृत्ती कशासाठी आहे ते बघ.

इथे आम्ही एक खेळ केला आणि तो खेळ म्हणजे खरं तर या लेखाचं कारण. कवितेतला एक शब्द घ्यायचा, त्याच्या जागी तितक्याच मात्रांचा दुसरा साधा शब्द टाकून बघायचा. बसला नाही तर समजायचं की कवीला वृत्ताने भाग पाडलं असू शकेल. बसला, तर मग हा शब्द वृत्ताने आणलेला नाही, तो माणसाने निवडलाय, आणि का निवडला हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

पहिलाच शब्द घ्या, ओल्या. भाचीचा समज असा की ओले उंदीर म्हणायचंय आणि वृत्तासाठी ओल्या केलंय. पण ओले पण चारच मात्रांचा आहे! पिपांत मेले ओले उंदिर, चोख बसतं, वर मेले-ओले असं गोड अंतर्गत यमक फुकट मिळतं. बरं, ओल्या हे रूप व्याकरणाने पिपांतला लागतं, ओल्या पिपात मेले उंदीर, असा सरळ अर्थ. तर मग पिपांत ओल्या मेले उंदिर असं का नाही लिहिलं? तेही चोख सोळा. दोन्ही सरळ वाटा मोकळ्या होत्या आणि कवीने दोन्ही सोडून तिसरी, व्याकरण उचकटणारी वाट धरली. ओल्या हा शब्द पिपातून उचलून उंदराला नेऊन चिकटवला. म्हणजे वाचताना एक क्षण कळत नाही की ओलं काय आहे, पीप की उंदीर, आणि तो ओला बुळबुळीत शब्द दोघांच्या मध्ये लोंबकळत राहतो. हे वृत्ताच्या दबावाखाली झालेलं नाही, म्हणून तर ते भारी आहे.

उलट उंदिर हा शब्द बघा. बोलताना आपण उंदीर म्हणतो, दी दीर्घ, पाच मात्रा. तो बसत नाही म्हणून दि ऱ्हस्व करून उंदिर केला. गरीबचं गरिब केलं. देऊनचं देउन. इथे वृत्ताने कवीची मान धरलेली स्पष्ट दिसते. आणि सर्वात मजा आठव्या ओळीत, गात्रलिंग अन् धुऊन घेउन. एकाला एक लागून दोन शब्द, दोन्हीच्या शेवटी तोच प्रत्यय, पण धुऊन मधला ऊ दीर्घ आणि घेउन मधला उ ऱ्हस्व. धु एक, ऊ दोन, न एक, चार. घे दोन, उ एक, न एक, चार. हे मला इतकी वर्षं कधी दिसलंच नव्हतं, आणि दिसल्यावर मी फोनवर एवढ्या जोरात अरे म्हणालो की बायको परत बाहेर आली.

आता पुनरावृत्ती. माना पडल्या दोनदा येतं पण दोन्ही वेळेला पुढचा अर्धा भाग बदलतो, आधी मुरगळल्याविण, मग आसक्तीविण. कुणी मान मुरगळली नाही तरी माना पडल्या. बरं, मग ओठांवर ओठ मिळाले, म्हणजे आपल्याला वाटतं की चला निदान प्रेमात तरी पडल्या असतील, तर लगेच, आसक्तीविण. हिंसा नाही आणि प्रेम पण नाही. यमक म्हणावं तर विणशी विणच जुळवलाय. यमक म्हणून हे आळशीच म्हणावं लागेल, शाळेतल्या बाईंनी कविता परत दिली असती, पण इथे तो शिवाय-शिवाय हा एकच ठोका पुन्हा पडतो आणि त्या ठोक्यात ओळ रिकामी होते.

आणि आसक्तीविण म्हणून झाल्यावर चार ओळी सोडून काय येतं? जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे. भाचीने हे स्वतः पकडलं, मी नाही. म्हणाली मामा, आसक्ती मधला आ काढला की सक्ती उरते. मी खरंच थक्क झालो. आसक्ती संस्कृतातून आलेली, सक्ती फारसी सख्तीवरून, दोघींचं एकमेकींशी काही नातं नाही, पण कानाला एक शब्द दुसऱ्याच्या पोटात ऐकू येतो. ओढ नाहीये, म्हणून जबरदस्ती शिल्लक राहिली. मर्ढेकरांनी हे ठरवून केलं का? माहीत नसलेल्या गोष्टीवर मी पैज लावत नाही, पण सक्तीच्या ऐवजी तितक्याच मात्रांचे शब्द मराठीत कमी नाहीत.

त्या दोन ओळींमधला पण पण बघण्यासारखा आहे. जगायची पण, म्हणजे जगायचीसुद्धा. की जगायची, परंतु? मराठीत पण दोन्ही बाजूंनी चालतो. पुढे पुन्हा येतो, काचेचे पण, आणि तिथे तो जास्त करून परंतुकडे झुकतो. तीन वेळा पण, तिन्ही वेळेला आठव्या मात्रेवर संपतो, खालीच्या तोंडाशी. म्हणजे प्रत्येक वेळी ओळ पण म्हणून थांबते आणि मग हात हवेत जातो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना लोकलमध्ये मी मनातल्या मनात बाकीच्या कविता म्हणून बघत होतो. डोंबिवलीहून दादरपर्यंत वेळ भरपूर असतो, हात मात्र हलवता येत नाही, ताल फक्त पायाच्या अंगठ्याने धरता येतो. मर्ढेकरांची ती मुंबईची सकाळ आठवली, न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने बंदर, मुंबापुरिचे उजळित येई, माघामधली प्रभात सुंदर. मोजलं, सोळा. मग ती हळवी, दवांत आलिस भल्या पहाटी, शुक्राच्या तोऱ्यांत एकदा. सोळा. म्हणजे तेच पादाकुलक, त्याच माणसाचं. पहाटेच्या दवात येणारी बाई, न्हालेलं बंदर आणि पिपातले उंदीर, तिघांना एकच चाल. आम्हाला शिकवलेलं की वृत्ताचा एक स्वभाव असतो, मंदाक्रांता विरहाला, भुजंगप्रयात उपदेशाला, आणि ते अगदीच खोटं नाही, पण पादाकुलक हा असला घरगडी आहे की कुठलंही काम सांगा, करतो.

दवांत आलिस, पिपांत मेले. एकदा हे शेजारी शेजारी ठेवून म्हणा. तोच लघु गुरू लघु, तोच त, मग क्रियापद. बालकवींचा औदुंबर आठवला, पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर. चाल थोडी लांब आहे तिथे, आठ आठ आणि वर दहा, पण जळांत बसला हा तुकडा तोच. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहात, शिशिरागममध्ये, १९३९ साली, बालकवी आणि माधव जूलियन यांच्या वळणाचं बरंच काही आहे असं सगळे म्हणतात आणि वाचताना जाणवतंही. मग १९४७ ला काही कविता हा संग्रह आला आणि त्यात हे उंदीर. मला वाटतं की जळात पाय सोडून बसलेलं ते झाड या माणसाच्या कानात कुठेतरी होतं, आणि पाण्यात पाय सोडण्याची जागा म्हणून आता पीप आलं. हे माझं स्वतःचं, पुराव्याशिवायचं, लोकलमधलं मत आहे, प्रोजेक्टमध्ये घालू नको असं भाचीला बजावलं होतं. तिने घातलं.

पण त्या प्रवासात एक गोष्ट सापडली जी मी पुराव्यानिशी सांगू शकतो, आणि कुठल्याही वाचकाने घरी बसून तपासावी. पादाकुलकात आठव्या मात्रेनंतर मधोमध एक अदृश्य भिंत असते. चांगला कवी कधी कधी शब्द त्या भिंतीवरून पलीकडे नेतो, म्हणजे चाल ठोकळेबाज होत नाही. शुक्राच्या तो, आठ झाल्या, ऱ्यांत एकदा, पुढच्या आठ. तोऱ्यांत हा शब्द भिंतीवर ठेवलाय, एक पाय इकडे एक तिकडे, आणि त्यामुळेच त्या ओळीला तो तोरा आलाय. सोज्वळ मोहक आठ, तेने बंदर आठ, मोहकतेने हा शब्द भिंत ओलांडून वाहत जातो, बंदरातल्या पाण्यासारखा. म्हणजे मर्ढेकरांना हे करता येत होतं, छान येत होतं.

उंदरांच्या कवितेत एकही शब्द ती भिंत ओलांडत नाही. एकही नाही. ओठांवरती, आठ. गरिब बिचारे, आठ. उदासतेला, आठ. दिवस सांडला, आठ. गात्रलिंग अन्, आठ. प्रत्येक अर्धी ओळ सीलबंद डबा. मी परत परत तपासलं, ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत तेच करत होतो, एका माणसाने मला विचारलं की काका बरं वाटत नाहीये का. वृत्त तेच, पण एकीकडे ते वाहतं आणि दुसरीकडे पीप होतं. बाहेर पडायला जागाच ठेवलेली नाही.

आता बेकलाइटी. उदासतेला जहरी डोळे, काचेचे पण. मधाळ पोळे ओठांवरती जमले तेही बेकलाइटी, बेकलाइटी! बेकलाइट म्हणजे ते पहिलं संपूर्ण कृत्रिम प्लास्टिक, लिओ बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये बनवलेलं, आमच्या आजोळी काळे गोल बटण असायचे लाइटचे ते त्याचे, जुने टेलिफोन त्याचे, जुन्या रेडिओंची खोकी त्याची. आणि मर्ढेकर नोकरी करत होते आकाशवाणीत. म्हणजे हा शब्द त्यांनी डिक्शनरीतून काढलेला नाही, रोज हाताला लागणारी वस्तू आहे ती. पण मला त्याहून जास्त गंमत वाटते ती ही की बे-क-ला-इ-टी, दोन एक दोन एक दोन, बरोबर आठ. एका परदेशी माणसाच्या आडनावावरून आलेलं कारखान्यातलं नाव, मागे नुसती एक ई लावली की भज गोविन्दंच्या अर्ध्या ओळीत मिलिमीटरची फट न ठेवता बसतं. आणि दोनदा म्हटलं की ओळ भरली. मधाचं पोळं कृत्रिम आहे हे सांगायला अख्खी ओळ एकाच साच्यातून दोनदा काढलेली.

छापलेल्या कवितेत काचेचे पण आणि मधाळ पोळे या दोन वेगळ्या छोट्या ओळी आहेत. डोळ्याला तिथे कविता मोडल्यासारखी दिसते, आणि भाचीने तिथेच बोट ठेवून म्हटलं होतं की बघ, इथे तरी मुक्तछंद आहे. नाही गं. आठ आणि आठ, जोडून वाच, सोळा. डोळ्याला तडा दिसतो, कानाला काहीच होत नाही. काचेचे डोळे म्हणता म्हणता काच तडकल्यासारखी ओळ तडकवली पण तुकडे खाली पडू दिले नाहीत. छापील ओळी सतरा, हा तडा सांधला तर सोळा. सोळा ओळी, सोळा मात्रा. हा योगायोग असेल, मी त्यावरून काही सिद्ध करणार नाही, आकड्यांच्या मागे लागलेल्या माणसांचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय.

शेवटच्या दोन ओळी. ओठांवरती ओठ लागले. पिपांत उंदिर न्हाले! न्हाले! सुरुवातीला ओठ मिळाले होते, आता लागले. दोन्ही पाच मात्रा, बदलायची काही सक्ती नव्हती. मिळणं हे माणसांचं असतं, लागणं वस्तूंचं, भांड्याला भांडं लागतं. आणि पहिल्या ओळीत मेले होते ते आता न्हाले. मेले चार, न्हाले चार. भाची म्हणाली पण ते तर मेलेत ना, मग न्हाले कसे? मी म्हटलं न्हाणं मराठीत किती ठिकाणी येतं ते मोज. बाळंतिणीला न्हाऊ घालतात, मुलगी न्हातीधुती होते, दिवाळीला पहिलं न्हाण, आणि प्रेताला पण उचलण्याआधी आंघोळ घालतातच. त्याच माणसाने मुंबईच्या बंदराला न्हालेली गर्भवती म्हटलंय. एकच क्रियापद, एकदा जन्माच्या अलीकडे आणि एकदा मरणाच्या पलीकडे. यावर ती काही बोलली नाही, खाली टाइप केल्याचा आवाज येत होता.

एक गोष्ट तबल्यामुळेच लक्षात आली. आमच्याकडे एखादा तुकडा संपवायचा तर तिहाई घेतात, तोच बोल तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो, तिथे लोक वा म्हणतात आणि वाजवणारा मान हलवतो. या कवितेत शेवटाकडे सगळं दोनदा येतं. बेकलाइटी, बेकलाइटी. न्हाले! न्हाले! सोळावी मात्रा संपते आणि कान तिसऱ्या न्हालेची वाट बघत राहतो, तो समेवर यायला हवा होता. येत नाही. मी हे भाचीला हातावर करून दाखवलं, व्हिडिओ कॉल लावून, आणि शेवटी टाळीसाठी उचललेला हात तसाच वर ठेवला. ती म्हणाली मामा टाळी वाजव ना, कसंतरी होतंय.

मर्ढेकरांनी स्वतः लयीवर पुष्कळ लिहून ठेवलंय, संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वं मांडलीयत, सौंदर्य आणि साहित्य या पुस्तकात, त्याला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले, सत्तेचाळिसाव्या वर्षी. भाचीला मी म्हटलं की हे तीन शब्द घेऊन त्यांच्याच कवितेला लावायचा मोह होईल, वृत्ताशी संवाद आणि विषयाशी विरोध वगैरे, पण जपून, कारण कवीचा सिद्धांत कवितेला नेहमी अंगाबरोबर बसतोच असं नाही. आणि काही कविता या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला होता, ते त्यातून निर्दोष सुटले, हे पण लिही म्हटलं. गंमत बघा, लोकांना लिंग हा शब्द दिसला, तो ज्या चालीत बसलाय ती कुणाला दिसली नाही.

तर प्रोजेक्ट झाला. खरा त्रास शेवटी झाला तो टायपिंगचा. ती मोबाइलवर टाइप करत होती आणि कीबोर्ड प्रत्येक वेळी उंदिरचं उंदीर करत होता. गरिबचं गरीब. देउनचं देऊन. ती दुरुस्त करायची, तो परत शुद्ध करायचा. इंटरनेटवर कविता शोधली तर तिथेही बऱ्याच ठिकाणी कुणीतरी सद्भावनेने शुद्धलेखन सुधारून ठेवलेलं, म्हणजे सतरा मात्रांच्या ओळी, आणि खाली लोकांच्या कमेंटा की काय लय आहे. डोळीं, पोळें वरचे जुने अनुस्वार गेले तर एक वेळ चालतं, १९६२ च्या नियमांनंतर ते सगळीकडूनच गेले आणि मात्रेला धक्का लागत नाही, अक्षर मुळात दीर्घच आहे. पण उंदीर दीर्घ झाला की ओळीच्या बाहेर येते शेपटी. शेवटी ती वैतागली आणि अख्खा प्रोजेक्ट फुलस्केपवर हाताने लिहिला, बावीस पानं.

महिन्याने तपासून परत मिळाला. मार्क चांगले होते. तिने फोटो पाठवला, कवितेच्या पानाचा, लाल पेनाने चार गोल केलेले आणि समासात लिहिलेलं शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे, अर्धा गुण वजा. उंदिर, गरिब, देउन, घेउन. मी फोन करून विचारलं, सरांशी बोललीस का? म्हणाली नाही रे, जाऊदे. मग थोडं थांबून म्हणाली, धुऊनला मात्र गोल नाहीये, बघितलंस?